घड्याळ तिसऱ्या गड्यासाठी थांबतं

व्यायाम एकट्यानं करावा की चारचौघांत, हा वाद अधूनमधून पेटतो आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांवर विझतो. एक पक्ष म्हणतो, ज्याला खरंच करायचंय त्याला कुणाची गरज नसते, बाकीचे सगळे आरंभशूर. दुसरा म्हणतो, एकट्याला कंटाळा येतो, ग्रुप असला की हुरूप येतो. भांडतात कडाकडा, पण दोघांनी धरून चाललेली गोष्ट एकच: सगळा प्रश्न हुरुपाचा आहे, आणि तो आतून येतो की बाहेरून एवढंच काय ते ठरवायचं. पण हुरूप पहिल्या आठवड्यात कुणाकडे नसतो? एकट्याकडेही असतो आणि वीस जणांच्या ग्रुपकडेही. सहाव्या आठवड्यात पोटऱ्या आखडलेल्या असतात, वजनाचा काटा पंधरा दिवस हललेला नसतो आणि झोपही पुरी झालेली नसते. त्या दिवशी माणूस बुटांच्या नाड्या बांधतो की नाही, आणि बांधत असेल तर का, हे दोन्ही पक्षांपैकी कुणीच सांगत नाही.

माझं म्हणणं असं आहे. सोबतीनं फिटनेसची उद्दिष्टं गाठणं पुष्कळ सोपं होतं, पण ते काम सोबतीमागची रचना करते. कोण कुणावर अवलंबून आहे, प्रत्येकाचं काम वेगळं दिसतं का, आणि जो आला नाही त्याचं काय होतं, एवढं ठरलेलं नसेल तर ग्रुप ही नुसती गर्दी असते. आणि गर्दीपेक्षा एकटा परवडला.

एकट्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा त्या बाजूचे लोक सहसा देत नाहीत, म्हणून तो मीच देतो. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. निष्कर्ष १९१३ मध्ये छापले. माणसं वाढली तसा एकूण जोर वाढला, पण माणशी जोर घटत गेला. आठ जण एका दोराला लागले तेव्हा प्रत्येकाचा वाटा त्याच्या एकट्याच्या जोराच्या जवळपास निम्म्यावर आला होता. यात थोडा दोष ताळमेळाचा, कारण सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत. पण १९७४ साली झालेल्या एका प्रयोगात माणसांचे डोळे बांधले आणि मागे आणखी गडी ओढताहेत असं त्यांना भासवलं. प्रत्यक्षात प्रत्येक जण एकटाच ओढत होता, तरी जोर घसरला. मराठीत याला नेमका शब्द आहे: अंग चोरणं. शिवाय उदाहरणंही त्या बाजूला कमी नाहीत. चेक धावपटू एमिल झाटोपेक बहुतेक सराव एकट्यानं करायचा, ४०० मीटरच्या फेऱ्या डझनांनी मारायचा, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णं घेऊन परतला. गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर २० ऑगस्ट १९८० रोजी ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय एकटा एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला. या माणसांना कुणी ‘ग्रुप जॉइन करा’ असं सांगायला गेलं असतं तर हसं झालं असतं.

हे सगळं मान्य. पण रिंगेलमानच्या दोरात नेमकं काय बिघडलं होतं? मोजमाप सगळ्यांचं मिळून एकच होतं. माझा जोर कमी पडला हे मलाही कळत नव्हतं, शेजाऱ्यालाही नाही. पुढे टाळ्या आणि आरोळ्यांवर असेच प्रयोग झाले. गटात प्रत्येकाचा आवाज पडला, पण तुमचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितल्याबरोबर ती अंगचोरी जवळजवळ नाहीशी झाली. माणसं तीच, काम तेच, संख्याही तीच. बदललं फक्त मोजमाप. म्हणजे रिंगेलमाननं सोबत निरुपयोगी ठरवली नाही, निनावी सोबत निरुपयोगी ठरवली. ‘आपल्या टीमची मिळून दहा लाख पावलं’ अशा स्पर्धा का फसतात याचं उत्तर इथं आहे. दोघे-तिघे हौशी सगळा आकडा ओढतात, उरलेले टाळ्या वाजवतात, आणि बक्षीस मात्र सगळ्यांना. ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, ते बैठे लोक होते तिथंच बसलेले राहतात.

याच्या नेमका उलटा अनुभव १९२० च्या दशकात बर्लिनच्या एका नौकानयन क्लबात ओटो क्योलर या मानसशास्त्रज्ञानं नोंदवला. वजनाची दांडी हात दुमडून वरखाली करायची, दमेपर्यंत. आधी एकेकट्यानं. मग दोघांनी मिळून दुप्पट वजनाची दांडी धरायची. त्यातला एक थांबला की दुसऱ्याला ती उचलणं अशक्य, म्हणजे खेळ खलास. अशा जोडीत कमजोर गडी एकट्यानं टिकायचा त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. मात्र त्याला अट होती. दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असेल तेव्हा हा फायदा सर्वांत जास्त. अगदी बरोबरीचे असले तर ओढ लागत नाही, जमीन-अस्मानाचा फरक असला तर कमजोर गडी मनानं आधीच हरतो. जवळजवळ नव्वद वर्षांनी, २०११ मध्ये, प्लँकसारख्या (कोपरं आणि पायांच्या बोटांवर अंग ताठ धरून ठेवायच्या) व्यायामांवर हेच तपासलं गेलं. पडद्यावर दिसणारा, थोडासा सरस जोडीदार दिला तेव्हा लोक एकट्यानं करणाऱ्यांपेक्षा सुमारे २४ टक्के जास्त वेळ तग धरून राहिले. त्यांना कुणी प्रोत्साहनाची भाषणं दिली नव्हती.

सायकलच्या ट्रॅकवर सांघिक पाठलागाची शर्यत असते, तिच्या नियमात ही अक्कल आयती बसवलेली आहे. चार स्वार, चार किलोमीटर, आणि संघाची वेळ धरली जाते ती तिसऱ्या स्वाराचं पुढचं चाक रेषेवर येईल तेव्हा. पहिला कितीही उसळला तरी उपयोग शून्य. म्हणून पुढचा स्वार आपली पाळी झाली की ट्रॅकच्या उतारावर वर सरकतो, तिघांना खालून जाऊ देतो आणि शेपटाला येऊन चिकटतो. मागच्याला हवेचा मार बराच कमी बसतो, तेवढीच त्याची विश्रांती. पाळी घेताना त्यानं एकदम वेग वाढवला तर मागे फट पडते, फट बुजवताना तिसऱ्याचा दम तुटतो आणि सगळ्यांची शर्यत जाते. इथं दुबळ्याला सांभाळण्यासाठी कुणाच्या मनात दया असावी लागत नाही. घड्याळ कुठं थांबणार हे आधी ठरलंय, एवढं पुरतं. आपल्या धावण्याच्या, चालण्याच्या, वजन उतरवण्याच्या ग्रुपमध्ये घड्याळ कुणासाठी थांबतं? बहुतेक ठिकाणी पहिल्यासाठी. त्याचाच फोटो, त्याचंच कौतुक. आणि मग शेवटचे चार जण दुसऱ्या महिन्यात का गळाले याची चर्चा करताना ‘त्यांच्यात इच्छाशक्तीच नव्हती’ असं म्हणून हात झटकायचे.

‘शेवटी पळायचं तर स्वतःच्याच पायांनी ना?’ हा आवडता सवाल. अर्थातच. इंग्लंडचा धावपटू रॉजर बॅनिस्टरही स्वतःच्याच पायांनी पळाला. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर त्यानं एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पार केला, आणि चार मिनिटांची भिंत एका माणसानं जिद्दीनं पाडली अशी गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. पण हा बॅनिस्टर मूळचा एकांडा शिलेदार. १९५२ च्या ऑलिंपिकपर्यंत तो स्वतःच्या बुद्धीनं, बराचसा एकट्यानं तयारी करत होता आणि १५०० मीटरमध्ये चौथा आला. त्यानंतर तो ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे या धावपटूंबरोबर सराव करू लागला. ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या, मध्ये दोन-दोन मिनिटांची विश्रांती. हिवाळ्यात फेरीला ६६ सेकंद लागायचे, ते उतरत ६१ वर आले आणि तिथंच अडकले. तेव्हा त्यानं आणखी जोर लावला नाही. ब्रॅशरबरोबर तो काही दिवस स्कॉटलंडात डोंगर चढायला गेला. परत आल्यावर फेरी ५९ सेकंदांत निघाली. प्रत्यक्ष शर्यतीत पहिल्या दोन फेऱ्या ब्रॅशर पुढे होता, मग चॅटवेनं धुरा घेतली आणि शेवटच्या फेरीच्या मध्यापर्यंत ओढली.

या शर्यतीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा क्षण मात्र पहिल्या फेरीत आहे. अंगात रग भरलेला बॅनिस्टर मागून ओरडला, ‘जोरात!’ ब्रॅशरनं ऐकलं नाही. तो ठरल्या वेगानंच पळत राहिला, आणि ते योग्यच ठरलं. सोबतीचं हे काम वादात कुणी मांडतच नाही. सगळे ढकलणाऱ्या मित्राबद्दल बोलतात. रोखणारा मित्र त्याहून दुर्मीळ आणि जास्त कामाचा. हौशी धावपटूंची मोठी चूक म्हणजे हलक्या धावेचे दिवसही दामटून पळणं. त्यानं पाय ताजे राहत नाहीत, मग वेगाच्या दिवशी वेग येत नाही, आणि काही आठवड्यांनी नडगी किंवा टाच दुखू लागते. ग्रुपमध्ये ही चूक आणखी बळावते, कारण कुणीतरी अर्धं पाऊल पुढे काढतो आणि गप्पा मारत निघालेली धाव नकळत शर्यत होते. उपाय साधा आहे. हलक्या दिवशी वेग सर्वांत मंद गड्यानं ठरवायचा आणि त्यालाच पुढे ठेवायचं. पूर्ण वाक्य न धापता बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. वेगवेगळ्या ताकदीच्या लोकांना एकत्र पळायचंच असेल तर अंतर सोडून वेळ धरावी: सगळ्यांनी पंधरा मिनिटं आपापल्या वेगानं पुढे जायचं, घड्याळ वाजलं की जिथं असाल तिथून मागे फिरायचं. जो मागे होता तो परतीच्या वाटेवर पुढे असतो, आणि प्रत्येकानं आपला वेग राखला तर सगळे साधारण एकाच वेळी पोचतात. परतताना कोण उशिरा आला यावरून सुरुवातीला कोण उधळला होता तेही आपोआप कळतं.

जिममध्येही हेच. दोघांनी आळीपाळीनं सेट मारले की एकाचा सेट आणि प्लेटा बदलणं यात दुसऱ्याची दोन-तीन मिनिटांची विश्रांती बरोबर बसते. एकटा माणूस ती फोनमध्ये डोकं घालून सात मिनिटांवर नेतो किंवा घाईत चाळीस सेकंदांत उरकतो. स्क्वॉटच्या (खांद्यावर बार घेऊन मारायच्या बैठकांच्या) रॅकवर तिघे चालतात, चौथा आला की अंग थंड पडायला लागतं. उंचीत फार फरक असलेली जोडी नको, दर सेटला बारबेलचे हूक वरखाली करण्यातच वेळ जातो. बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं पडून छातीवरून बार ढकलताना, मागे उभा राहणारा स्पॉटर हा तर जिवाचा सोबती, पण तिथंही रचना बिघडली की सोबत खोटी होते. ‘अजून दोन, तुझंच आहे, तुझंच आहे’ असं म्हणत तिसऱ्या रेपपासून (उचलीपासून) बारला हात लावणारा स्पॉटर सगळ्यांनी पाहिलाय. वहीत ८० किलो लिहिले जातात, त्यातले किती कुणी उचलले देव जाणे, आणि पुढच्या आठवड्याचं वजन त्या खोट्या आकड्यावर चढवलं जातं. म्हणून आधी तीन गोष्टी बोलून घ्याव्यात: किती रेप मारायच्या, बार स्टँडवरून काढताना मदत हवी की नको, आणि मदत मागायचा शब्द कोणता. बार थांबला किंवा खाली येऊ लागला तरच हात लावायचा. हात लागलेली रेप वहीत येत नाही.

आता विरोधी बाजूचा दुसरा मुद्दा, आणि हा पहिल्यापेक्षा गंभीर आहे: सोबत वाईटही लागते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण दोन्ही दिशांनी खरी आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घकालीन पाहणीतल्या १२ हजारांवर लोकांच्या ३२ वर्षांच्या नोंदींवरून २००७ मध्ये मांडलं गेलं की मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. या निष्कर्षावर टीकाही झाली, आणि ती वाजवी होती: माणसं आपल्यासारख्यांशीच मैत्री करतात, मग लागण कुठली आणि निवड कुठली? हाच आक्षेप सोबतीच्या बाजूच्या पुराव्यालाही लागतो. वजन उतरवण्याच्या १९९९ च्या एका अभ्यासात मित्रांसह आलेल्या आणि गटाचा आधार दिलेल्या लोकांपैकी ९५ टक्क्यांनी कार्यक्रम पुरा केला, एकट्यानं आलेल्या आणि नेहमीचाच कार्यक्रम मिळालेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी. उतरलेलं वजन पुढचे सहा महिने पूर्णपणे टिकवणारे अनुक्रमे ६६ आणि २४ टक्के. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण ज्याला तीन मित्र सोबत आणता येतात तो माणूस मुळातच वेगळा असू शकतो. सोबतीचे भाट हे वाक्य गाळतात.

निवडीचा हा गुंता सोडवायचा एक हुशार मार्ग २०१७ मध्ये निघाला. जगभरच्या सुमारे ११ लाख धावपटूंच्या रोजच्या नोंदी घेतल्या आणि हवामानाचा आधार घेतला. एका शहरात पाऊस पडला म्हणून तिथला धावपटू घरी बसला, तर कोरड्या शहरातल्या त्याच्या मित्राच्या धावेवर परिणाम होतो का? पाऊस काही मैत्री बघून पडत नाही. परिणाम दिसला, धावणं खरोखर लागतं. आणि गंमत अशी की कमी पळणाऱ्यांचा प्रभाव जास्त पळणाऱ्यांवर पडला, उलट दिशेनं फारसा नाही. मागचा जवळ येतोय म्हटल्यावर पुढचा गडी पाय उचलतो. पुढचा फार पुढे असला की मागचा नाद सोडतो. म्हणजे ग्रुपमधल्या स्टार माणसाचे रोजचे आकडे पाहून इतरांना प्रेरणा मिळते, या समजुतीवर उभे असलेले सगळे तक्ते उलटे टांगायला हवेत.

सोबतीचा खरा धोका शरीराला आहे. वल्हवणाऱ्या खेळाडूंवर ऑक्सफर्डमध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं की तेवढाच सराव एका लयीत मिळून केला की वेदना सोसायची मर्यादा एकट्यानं केल्यापेक्षा जास्त वाढते. हे वरदान म्हणून सांगितलं जातं. पण वेदना हा इशाराही असतो, आणि तो बोथट झाला तर? जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले १३ खेळाडू रुग्णालयात दाखल झाले. सुट्टीनंतरच्या सरावात त्यांना कमाल वजनाच्या निम्म्या वजनानं १०० स्क्वॉट घालायला लावले होते. अशा अतिश्रमानं स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं तुंबतात. लघवी काळपट-तपकिरी होणं आणि स्नायू प्रमाणाबाहेर सुजून दुखणं ही त्याची खूण, आणि ती दिसली की वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. एकटा माणूस चाळिसाव्या बैठकीला थांबला असता. सगळे घालताहेत म्हणून शंभर झाल्या. इतिहासातही हा दोष जुनाच आहे. फ्रीडरिश यान या जर्मन व्यायामशिक्षकानं १८११ मध्ये बर्लिनबाहेर खुलं व्यायामाचं मैदान सुरू केलं, १८६२ मध्ये प्रागला सोकोल ही सामूहिक व्यायामाची चळवळ निघाली. सामान्य माणसाला मैदानात आणण्याचं त्यांचं श्रेय मोठं आहे. पण पुढे हजारोंनी एका ठेक्यात हात हलवण्याचे जे सोहळे होऊ लागले, त्यांत एकेकाचा गुडघा, वय, दम यांना जागा कुठं होती? ठेका सगळ्यांना एक देता येतो, भार देता येत नाही. म्हणून एकत्र व्यायामात वेळ सामाईक ठेवावी आणि मात्रा ज्याची त्याची: ४० सेकंद काम, २० सेकंद थांबा, त्या चाळिसांत कुणी २५ बैठका मारेल, कुणी ९ मारेल.

आणि इच्छाशक्तीच्या कैवाऱ्यांना एक प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. ही दीडशे मिनिटं येतात कुठून? जो ‘मी कुणाच्या मदतीशिवाय करतो’ म्हणतो, तो पळत असताना त्याचं मूल कुणाजवळ असतं? आजारी आईच्या औषधाची वेळ कोण सांभाळतं? पुष्कळांच्या शिस्तीखाली दुसऱ्या कुणाचा तरी एक तास दबलेला असतो, फक्त त्याला टीम म्हणायची पद्धत नाही. मेसनरच्या खालच्या छावणीतही त्याची वाट पाहणारी एक सहकारी होती. ज्यांना असा तास कुणी देत नाही त्यांना शिस्तीवर व्याख्यान देणं स्वस्त पडतं. तिघींनी आळीपाळीनं एकमेकींची मुलं सांभाळून आठवड्यातले दोन-दोन तास मोकळे करणं ही, माझ्या हिशेबी, कुठल्याही ॲपपेक्षा भारी फिटनेस योजना आहे.

ग्रुप छोटा ठेवावा, तीन ते पाच जण. आठाच्या वर गेला की एखादा न आल्याचं कळतच नाही, आणि रिंगेलमानचा दोर पुन्हा हातात येतो. नोंदवही प्रत्येकाची वेगळी आणि सगळ्यांना दिसणारी. तिच्यात वजन नको, कारण काटा पाण्यानं, मिठानं, मासिक पाळीनं हलतो आणि स्पर्धेत लोक पाणी तोडून तो खाली आणतात. आठवड्यात किती वेळा आलो आणि काय केलं, एवढंच लिहावं. न सांगता दोनदा गैरहजर राहिलेल्याला त्याच दिवशी एकानं फोन करायचा, ग्रुपवर जाहीर टोमणा मारायचा नाही. आणि तीन आठवड्यांनी तो परत आला तर? इथंच बहुतेक ग्रुप नापास होतात. लाजेपोटी तो पहिल्याच दिवशी जुन्या वजनाला हात घालतो, चार दिवस जिना उतरता येत नाही, मग पुन्हा दिसत नाही. त्यानं मागितलेलं नसताना बारवरच्या प्लेटा कुणीतरी निम्म्या कराव्या लागतात, सेट पाचाचे तीन करावे लागतात, आणि तो हलका आठवडा त्याच्याबरोबर आणखी एकानं स्वतः करावा लागतो.